१-११ चा संघ आणि नामवंत कोच: सही करावी का?

डोंगरवाट

अमेरिकन कॉलेज फुटबॉल मन लावून बघणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा.

२०२५ चा हंगाम संपला तेव्हा कोलोरॅडो ३-९ (तीन जिंकले, नऊ हरले) वर होतं आणि नॉर्थ कॅरोलायना ४-८ वर. पहिल्याचा कोच डिऑन सँडर्स, एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या हॉल ऑफ फेममधला कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू). दुसऱ्याचा बिल बेलिचिक, हेड कोच म्हणून सहा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने जिंकलेला. त्याच हंगामात डेलावेअर स्टेट, जे आदल्या वर्षी १-११ होतं, ते डिशॉन जॅक्सनच्या हाताखाली ८-४ झालं. तोही एनएफएलचा माजी स्टार, आणि हेड कोच म्हणून हे त्याचं पहिलंच वर्ष.

तर प्रश्न असा. तुम्ही एका कॉलेजचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आहात. संघाने वर्षभरात एक सामना जिंकलाय, स्टेडियम रिकामं पडतंय, माजी विद्यार्थ्यांनी देणग्यांचा हात आखडता घेतलाय. आणि एक मोठं नाव कोच म्हणून यायला तयार आहे. सही कराल का? केलीत तर कोणत्या अटींवर?

हिशोबनीस

चांगला विषय. पैशापासून सुरुवात करतो, कारण निर्णय तिथूनच होतो.

डिसेंबर २०२२ मध्ये कोलोरॅडोने सँडर्सशी ५ वर्षांचा २ कोटी ९५ लाख डॉलरचा करार केला. तेवढे पैसे अजून हातात नाहीत, पण ते येतील, असं त्या वेळचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर रिक जॉर्ज यांनी उघड सांगितलं होतं. आणि ते आले. एप्रिल २०२३ च्या स्प्रिंग गेमला, म्हणजे संघाने आपापसात खेळायच्या सरावाच्या सामन्याला, ४७,२७७ तिकिटं गेली. फोल्सम फील्डची क्षमता जेमतेम ५० हजार. हंगामाची तिकिटं १९९६ नंतर पहिल्यांदाच संपली. आदल्या वर्षी हा संघ १-११ होता.

म्हणजे नामवंत कोचचा फायदा पहिल्या सामन्याआधीच वसूल होऊ लागतो. इतर कुठल्याच कोचच्या बाबतीत असं होत नाही. धोका तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होतो. तोवर जिंकण्याच्या जोरावर करार वाढलेला असतो (मार्च २०२५ मध्ये कोलोरॅडोने ५ वर्षांचे ५ कोटी ४० लाख कबूल केले), नवलाई ओसरलेली असते, आणि तिकिटं पुन्हा फक्त निकालावर विकावी लागतात.

रानजाई

वाचतेय. एक शंका: डेलावेअर स्टेट आणि कोलोरॅडोची तुलना कितपत योग्य? विभागच वेगळे आहेत.

गोलरेषा

रानजाई, शंका रास्त आहे. डेलावेअर स्टेट खालच्या विभागात, म्हणजे एफसीएसमध्ये खेळतं. तिथे एखाद्या नावाच्या ओढीने वरच्या विभागातले सात-आठ चांगले खेळाडू आले की पारडं फिरतं. वरच्या विभागात तेच सात-आठ खेळाडू प्रत्येकाकडे असतात. सँडर्स कोलोरॅडोआधी जॅक्सन स्टेट या एफसीएस कॉलेजला २७-६ होता, दोनदा स्वॅक लीग जिंकला. डिसेंबर २०२१ मध्ये देशातला अव्वल शाळकरी खेळाडू ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेट सोडून त्याच्याकडे आला. एफसीएसमध्ये असा एक खेळाडूही फार मोठा फरक करतो.

पण खालच्या विभागातही नावाने आपोआप काही होत नाही. मायकल व्हिक आणि डिशॉन जॅक्सन दोघे एनएफएलच्या फिलाडेल्फिया ईगल्सचे माजी खेळाडू, दोघांची नेमणूक डिसेंबर २०२४ मध्ये, दोघांची कॉलेजं एकाच मीॲक लीगमधली. व्हिकच्या नॉरफोक स्टेटने पहिल्या हंगामात एकच सामना जिंकला. ३० ऑक्टोबरला ईगल्सच्याच मैदानावर दोघे समोरासमोर आले आणि जॅक्सनचा संघ २७-२० ने जिंकला.

पाचवा माणूस

पैसा, नाव, विभाग सगळं ठीक. पण सामने हरतात कुठे ते बघा: ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) वाचवणाऱ्या फळीवर.

२०२३ मध्ये कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक शेड्युअर सँडर्स ५२ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडला गेला. त्यामागचं यंत्र समजून घ्या.

लाइनमध्ये पाच जण: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. बचावाची साधी चाल असते ट्विस्ट. समोरचा आतला माणूस बाहेरच्या बाजूला घुसतो आणि बाहेरचा माणूस त्याच्या मागून वळसा घालून आत येतो. गार्डने आपल्या माणसाचा पाठलाग करायचा नसतो. त्याला खांद्याने टॅकलकडे ढकलून सोपवायचं आणि आपण जागेवर थांबून वळसा घालून येणाऱ्याला घ्यायचं. सोपवासोपवीला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो. बोलून ती होत नाही. शेजाऱ्याचा खांदा कुठे आहे हे न बघता कळावं लागतं. ते कळत नसेल तर दोघेही एकाच माणसामागे जातात, मधे दारासारखी फट पडते, आणि क्वार्टरबॅक आडवा होतो.

परक्या मैदानावर हे आणखी अवघड. गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज पोचत नाही, म्हणून मूक मोजणी चालते: गार्ड मागे वळून बघतो, क्वार्टरबॅकने खूण केली की सेंटरच्या मांडीवर थाप मारतो, सेंटर डोकं वर करतो, ठरलेल्या ठोक्यावर चेंडू मागे देतो. टॅकलला हे ऐकू येत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडू हललेला दिसला की तो निघतो. एक ठोका चुकला की टोकाचा बचावपटू त्याला वळसा घालून पुढे गेलेला असतो.

चार वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेले पाच जण मे महिन्यात पहिल्यांदा एकमेकांशेजारी उभे राहिले तर सप्टेंबरपर्यंत हे बसत नाही. रिसीव्हर (पास झेलणारे) आणि कॉर्नरबॅक ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीतून येऊन आठवड्याभरात खेळू शकतात. लाइन तशी विकत मिळत नाही. आणि नामवंत कोचच्या ओढीने सर्वात आधी येतात ते रिसीव्हर आणि कॉर्नरबॅकच.

नीलकंठी

पाचवा माणूस, प्रतिसाद आवडला. त्याला जोडून १३ ऑक्टोबर २०२३ चा स्टॅनफर्डविरुद्धचा सामना.

शुक्रवारची रात्र, बोल्डरचं घरचं मैदान. स्टॅनफर्ड १-४ अवस्थेत आलेलं. मध्यांतराला कोलोरॅडो २९-० ने पुढे. अंतिम निकाल: दोन जादा डावांनंतर स्टॅनफर्ड ४६, कोलोरॅडो ४३.

एवढी आघाडी जाते कशी? आघाडी असताना चेंडू घेऊन धावायचं असतं. खेळाडू मैदानात पडला की घड्याळ चालू राहतं आणि पुढची चाल सुरू करायला ४० सेकंद मिळतात. पास हुकला की घड्याळ थांबतं. धावायला लाइन लागते, ती नव्हती. कोलोरॅडोचा धावता खेळ त्या वर्षी देशात तळाला होता. मग आघाडी असूनही पास टाकत राहावे लागले, घड्याळ थांबत राहिलं, आणि दमलेला बचाव पुन्हा पुन्हा मैदानात आला. स्टॅनफर्डच्या एलिक अयोमानॉरने १३ झेलांत २९४ यार्ड काढले. त्यातला एक झेल ट्रॅव्हिस हंटर अंगाला चिकटून असताना, त्याच्या हेल्मेटमागे हात घालून पकडलेला. हंटर तेव्हा यकृताच्या दुखापतीतून नुकताच परतला होता आणि आक्रमण-बचाव दोन्हीकडे खेळत होता. असा खेळाडू संघात असूनही बाकीची तूट भरून निघत नाही.

डोंगरवाट

नीलकंठी, तो सामना विसरणं कठीण आहे. पण मग २०२४ चं काय? ९-४, आणि हंटरला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार. ते यश मान्य करायला नको का?

तळ्याकाठी

मान्य करायलाच हवं. १-११ वरून दोन वर्षांत ९-४, याला अपयश म्हणणाऱ्यांनी बोल्डरचे आधीचे हंगाम आठवावेत. २०२४ मध्ये टीकेनंतर दुरुस्त्याही केल्या गेल्या. सिनसिनाटी बेंगल्समधून रॉबर्ट लिव्हिंगस्टन बचावाचा कोऑर्डिनेटर म्हणून आला आणि बचाव सुधारला. जॉर्डन सीटन हा नावाजलेला डावा टॅकल थेट शाळेतून आला आणि पहिल्या सामन्यापासून खेळला. म्हणजे लाइनचं महत्त्व कळलं नव्हतं असं नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्या ९-४ मध्ये एनएफएलच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर गेलेला हंटर होता, आणि कोचचा मुलगा क्वार्टरबॅक होता. दोघेही कोचसाठी आले होते, कॉलेजसाठी नव्हे. ते गेल्यावर २०२५ मध्ये तीन क्वार्टरबॅक आलटून पालटून खेळवावे लागले आणि युटाकडून ५३-७ अशी हार झाली. म्हणून विचारायचा प्रश्न हा: कोचसोबत आलेले खेळाडू निघून गेल्यावर खाली कोण उभं आहे?

हिशोबनीस

तळ्याकाठी यांच्या मुद्द्यात नियमांचा एक भाग आहे जो कराराआधी तपासलाच पाहिजे.

पूर्वी एका वर्षात २५ हून जास्त नवे खेळाडू स्कॉलरशिपवर घेता येत नसत. ती मर्यादा २०२२ मध्ये दोन वर्षांसाठी उठवली गेली. शिवाय कोच बदलला तर नवा कोच जुन्या खेळाडूला संघाबाहेर ठेवू शकतो. त्याची स्कॉलरशिप कॉलेजला चालू ठेवावी लागते, पण ती संघाच्या ८५ च्या मर्यादेत धरली जात नसे. तिसरं, तेव्हा १५ ते ३० एप्रिल अशी पोर्टलची दुसरी खिडकी होती. सँडर्सने स्प्रिंग गेमपर्यंत सगळ्यांना पारखलं आणि नंतरच्या आठवड्यात संघ रिकामा करून पुन्हा भरला. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते शक्य झालं.

आज? वसंतातली खिडकी बंद झाली. जानेवारी २०२६ पासून २ ते १६ जानेवारी ही एकच खिडकी. कोच बदलला तर त्याच्या खेळाडूंना वेगळे १५ दिवस मिळतात. म्हणजे नव्या कोचला सराव न बघता, चित्रफितींवरून, दोन आठवड्यांत संघ बांधायचा आहे. आणि जून २०२५ च्या हाउस खटल्यातल्या तडजोडीनंतर कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं: पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. कोचच्या नावाने खेळाडू फोन उचलेल, पण पुढचा प्रश्न रकमेचाच विचारेल. २०२३ चा प्रयोग आज कुणी जसाच्या तसा करायला गेलं तर फसेल.

रानजाई

आणि बाहेर काढलेल्या मुलांचं काय? कितीतरी मुलं एका वसंतात गेली. स्कॉलरशिप कागदावर चालू राहिली तरी विसाव्या वर्षी, निम्मी पदवी झालेली असताना कॉलेज बदलायचं म्हणजे सगळे क्रेडिट पुढे नेता येतीलच असं नाही. हा धोका कॉलेज त्या मुलांवर ढकलतं आणि ताळेबंदात तो कुठेच दिसत नाही. मला हे मनापासून खटकतं.

गोलरेषा

रानजाई, कॉलेजलाही तो थोडाफार भोगावा लागू शकतो. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए प्रत्येक स्कॉलरशिपधारक खेळाडूमागे दर सत्राला दोन गुण मोजतं: एक अभ्यासात पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली तर हंगामानंतरचे सामने खेळता येत नाहीत. चांगल्या गुणांनिशी दुसऱ्या कॉलेजात गेलेल्याचा टिकल्याचा गुण कापला जात नाही. अभ्यासात कच्चा असताना गेलेल्याचा कापला जातो. म्हणून कुणाला कधी सोडायचं हे अभ्यासाच्या सल्लागाराला विचारून, सत्र पूर्ण करून घेऊनच ठरवायला हवं. घाईत साफसफाई केली की हा आकडा दोन-तीन वर्षांनी डोकं वर काढतो.

वानखेडे पूर्व

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मोठा खेळाडू आणि मोठा कोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला चंद्रकांत पंडित यांच्याकडे बघून कळायला हवं. भारतासाठी पाच कसोट्या. कोच म्हणून मुंबईला रणजी, मग विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोनदा, जिथे त्याआधी कधीच नव्हती, आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला. उलट कपिल देव यांच्यासारखा खेळाडू १९९९-२००० मध्ये भारताचा कोच होता तेव्हा ऑस्ट्रेलियात ३-० आणि घरी दक्षिण आफ्रिकेकडून २-० असे हरलो. आचरेकर सरांची प्रथम श्रेणीतली कारकीर्द तर एका सामन्याची.

पाचवा माणूस

वानखेडे पूर्व, अवांतर अजिबात नाही. अमेरिकेतला जोडीदार सांगतो: इंडियाना. २०२३ मध्ये ३-९. नंतर कर्ट सिग्नेटीला आणलं, साठी ओलांडलेला, टीव्हीवर फारसा न दिसलेला. तो जेम्स मॅडिसनहून आपले १३ खेळाडू घेऊन आला. या १३ जणांना त्याची पद्धत पाठ होती. सरावात बाकीच्यांना शिकवायला मैदानावरच १३ माणसं तयार! पहिल्या वर्षी ११-२, दुसऱ्या वर्षी बिग टेन लीगचं अजिंक्यपद. खेळाडू कोचमागून येणं वाईट नाही. फक्त ते त्याची पद्धत शिकून आलेले हवेत.

तळ्याकाठी

अ‍ॅरिझोना स्टेटचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण एकाच कॉलेजने दोन्ही करून बघितलं. २०१८ च्या हंगामासाठी हर्म एडवर्ड्स आला. एनएफएलचा माजी कोच, टीव्हीवरचा लाडका चेहरा, जवळजवळ दहा वर्षं मैदानाबाहेर. कॉलेजचं प्रशासन एनएफएलच्या धर्तीवर चालवू असं ठरलं. कोरोनाकाळात खेळाडूंना कॉलेजात बोलवायला बंदी असताना त्यांना आणलं गेल्याचं निघालं, एनसीएएची चौकशी लागली, सप्टेंबर २०२२ मध्ये एडवर्ड्स गेला, २०२३ मध्ये कॉलेजने स्वतःच हंगामोत्तर सामन्यावर पाणी सोडलं. मग केनी डिलिंगहॅम आला, त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, वय ३२. पहिल्या वर्षी ३-९, दुसऱ्या वर्षी ११-३ आणि बिग १२ लीगचं अजिंक्यपद.

वरचा माणूस चेहरा असतो तेव्हा कामं सहायकांवर सोपवली जातात. नियम पाळले जातात की नाही हे बघणारा माणूस थेट अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला उत्तरदायी नसेल तर सहायक काय करताहेत ते कळतच नाही.

नीलकंठी

सहायकांवरून: २०२३ मध्ये कोलोरॅडोने शॉन लुईसला आक्रमणाचा कोऑर्डिनेटर म्हणून आणलं. तो केंट स्टेटचं हेड कोचपद सोडून आला होता. नोव्हेंबरमध्ये हंगाम चालू असताना चाली ठरवायचं काम त्याच्याकडून काढून पॅट शर्मरला दिलं. मोसमाच्या मध्यावर चाली सांगणारा बदलला की खुणा, शब्द, लाइनची हाक, सगळ्यांत गोंधळ होतो. हंगाम संपल्यावर लुईस सॅन डिएगो स्टेटचा हेड कोच झाला. नामवंत कोचवर लोकांचा दबाव प्रचंड असतो आणि असा निर्णय दबावाखाली पटकन होतो.

जुनी फळी

सगळे कोलोरॅडोवर आहेत, जॅक्सन स्टेट कुणी बघितलं नाही. सँडर्स गेल्यावर तिथे काय उरलं? त्याचाच सहायक आणि कॉलेजचा माजी खेळाडू टी. सी. टेलर हेड कोच झाला. २०२४ मध्ये त्याने स्वॅक जिंकला आणि सेलिब्रेशन बोल हा हंगामोत्तर सामनाही. हा बोल सँडर्सच्या संघाने लागोपाठ दोन वर्षं गमावला होता. नामवंत कोच गेल्यावर कॉलेज कोसळतंच असं नाही. उत्तराधिकारी आधीपासून संघात होता आणि त्याला कॉलेजशी देणंघेणं होतं.

डोंगरवाट

जुनी फळी, याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. धन्यवाद. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सही की नाही?

रानजाई

नाही. मी डिलिंगहॅमसारखा माणूस शोधेन.

गोलरेषा

एफसीएसमध्ये हो. वरच्या विभागात, हातात पैसे आधी असतील तरच.

हिशोबनीस

मी करेन, पण करारात एवढं लिहून घेईन.

बायआउट (करार मोडल्यास द्यायची रक्कम) सपाट किंवा चढता, उतरता नाही. बेलिचिकच्या करारात तो सोडून गेला तर १ जून २०२५ पर्यंत १ कोटी डॉलर द्यायचे होते, त्यानंतर फक्त १० लाख. म्हणजे पहिला सामना व्हायच्या आधीच कॉलेजच्या हातात फारसं काही उरलं नाही. वार्षिक १ कोटीचा पगार, आणि त्यातली पहिली तीन वर्षं हमीची.

मुदतवाढ एका चांगल्या हंगामावर नाही. मोठे खेळाडू गेल्यानंतरचा हंगाम बघून.

सहायकांच्या पगाराची रक्कम स्वतंत्र, कोचच्या पगारातून न वळवता येणारी. दोन्ही कोऑर्डिनेटर आणि लाइनचा कोच यांना किमान दोन वर्षांचे करार. त्यातला एक तरी माणूस कॉलेजचा जुना. जुनी फळी यांनी सांगितलं ते लक्षात ठेवून.

नियमपालन अधिकारी कोचच्या हाताखाली नाही.

पोर्टलमधून येणाऱ्यांत लाइनचे किमान सहा, त्यातले तीन एकाच कॉलेजातून एकत्र खेळलेले असतील तर जास्त पैसे देऊनही. हे पाचवा माणूस यांच्याकडून घेतलं.

आणि तिकिटांतून आलेल्या जादा पैशाचा ठरावीक वाटा राखीव. नवलाई संपल्यावर तोच उपयोगी पडेल.

पाचवा माणूस

हिशोबनीस, सहा नको, आठ. दोन हमखास जायबंदी होतात.

तळ्याकाठी

या अटींवर कुठलाही नामवंत माणूस सही करणार नाही असं वाटतं. पण त्याने नकार दिला तर तेही कळून जातं.

रानजाई

बरं, पुढच्या हंगामाचा पहिला सामना बघायला बसले तर नव्या कोचचं काम जमतंय की नाही हे कशावरून ओळखायचं? धावफलक सोडून.

पाचवा माणूस

पहिल्या चढाईवरून काही ठरवू नका. पहिल्या पंधरा-वीस चाली आठवडाभर घोटून घेतलेल्या असतात. नॉर्थ कॅरोलायनाने बेलिचिकच्या पहिल्या सामन्यात पहिल्याच चढाईत टचडाऊन केला आणि टीसीयूकडून ४८-१४ ने हरले.

दुसऱ्या सत्रापासून तिसऱ्या डाऊनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला), सातहून जास्त यार्ड हवे असतील तेव्हा, चेंडूकडे बघू नका. डाव्या गार्डकडे बघा. समोरचा माणूस बाहेर पळाला की गार्ड त्याच्यामागे जातोय की जागेवर थांबून पुढच्याची वाट बघतोय, एवढंच. चारपैकी तीनदा थांबला तर कोचने उन्हाळ्यात काम केलंय.